गटचर्चा मूडलवर गप्प का बसते?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका वरिष्ठ महाविद्यालयात पर्यावरण अभ्यास शिकवते. द्वितीय वर्षाच्या वर्गात 62 विद्यार्थी आहेत. यंदा मी मूडल या ऑनलाइन अध्यापनाच्या सॉफ्टवेअरवर चर्चेसाठी फोरम उघडला, हजेरीपटाच्या क्रमाने दहा-दहांचे सहा गट पाडले (शेवटच्या गटात बारा जण आले) आणि ‘पाणीटंचाई : कारणे व उपाय’ या विषयावर पंधरा दिवस चर्चा करायला सांगितले. त्यासाठी अंतर्गत मूल्यमापनातले 10 गुण ठेवले होते. पहिले बारा दिवस फोरम जवळजवळ रिकामा होता. शेवटच्या रात्री चाळीसेक पोस्ट आल्या. त्यांतल्या निम्म्या ‘मी सहमत आहे’, ‘खूप छान माहिती’ अशा होत्या आणि उरलेल्यांत इंटरनेटवरून उचललेले तेच ते परिच्छेद होते. एका गटात एकाच मुलीने सगळे लिहिले. मुलींचा सहभाग एकूणच कमी आहे. गंमत अशी की याच मुलांचा स्वतःचा व्हॉट्सॲप ग्रुप दिवसभर वाजत असतो. मी मूडल सोडून व्हॉट्सॲपवर जावे का? गुण वाढवावेत, की पोस्टची संख्या सक्तीची करावी? मराठीत लिहू द्यावे का? सहकारी म्हणतात, आपल्याकडच्या मुलांना असल्या गोष्टींत रस नसतो.
— एक प्राध्यापिका

उत्तर : तुमचे पत्र वाचताना मला माझीच फजिती आठवली. मी शिकवत होतो त्या महाविद्यालयात पहिल्यांदा असा फोरम सुरू केला तेव्हा मीही सक्तीचाच मार्ग धरला होता. प्रत्येकाने आठवड्याला एक पोस्ट लिहायची आणि दुसऱ्याच्या दोन पोस्टना उत्तरे द्यायची, असा नियम केला आणि पोस्ट मोजून गुण दिले. आकडे उत्तम आले. सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षेत एका मुलाला सहज विचारले, ‘तुमच्या गटातल्या अमक्याने काय मांडले होते?’ तो शांतपणे म्हणाला, ‘सर, ते वाचलं नाही. आमचं ठरलं होतं, त्याच्या पोस्टला मी रिप्लाय द्यायचा आणि माझ्या पोस्टला त्याने.’ शनिवारी रात्री दहाला चहाच्या टपरीवर बसून चौघांनी मिळून आठवड्याचा कोटा पुरा करायचा, अशी व्यवस्था त्यांनी लावलेली होती. मी ज्याला चर्चा समजून गुण देत होतो, ती खरे तर वाटून घेतलेली वेठ होती. म्हणून पोस्टची संख्या सक्तीची करू नका, हे माझे पहिले सांगणे आहे, आणि ते अनुभवाने पोळल्यावरचे आहे.

सॉफ्टवेअर तूर्त बदलू नका. तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणेही बाजूला ठेवा. ज्या मुलांचा ग्रुप दिवसभर वाजतो त्यांना बोलण्यात रस नाही, असे म्हणता येणार नाही. आधी तुम्ही दिलेला प्रश्न तपासा. ‘पाणीटंचाई : कारणे व उपाय’ हा विषय एखाद्या मुलाने घरी एकट्याने बसून, गटातल्या कोणाशीही न बोलता लिहून काढला, तर त्याचे काही अडेल का? काहीच अडणार नाही. उलट एकट्याने तो जास्त लवकर लिहील. पहिल्या मुलाने कारणे आणि उपाय लिहून टाकले की दुसऱ्याला सांगण्यासारखे नवे काही उरत नाही, आणि तिसऱ्याला ‘मी सहमत आहे’ याखेरीज प्रामाणिकपणे लिहिण्यासारखे काय असणार? ज्याला तुम्ही आळस समजता, तो बराचसा या प्रश्नाला दिलेला रास्त प्रतिसाद आहे. गटाचे काम गटाला द्यायचे तर ते एकट्याला पुरे करता येणार नाही असेच असले पाहिजे. बाकीच्या सगळ्या युक्त्या, गुण, सेटिंग आणि आठवणीचे निरोप यानंतर येतात.

मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन यांनी 1971 मध्ये अमेरिकेत टेक्सासमधील ऑस्टिनच्या शाळांत हीच अडचण वेगळ्या रूपात पाहिली होती. गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतेच एका वर्गात आणलेले होते आणि वर्गात सहकार्यापेक्षा चढाओढ आणि तेढच जास्त होती. ॲरन्सन यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाच्या हाती एकेकच तुकडा दिला. संपूर्ण धडा समजायचा असेल तर बाकीच्यांचे ऐकण्यावाचून इलाज नव्हता. त्या पद्धतीला त्यांनी जिगसॉ, म्हणजे तुकडे जुळवण्याच्या कोड्याचे नाव दिले. तुमच्या वर्गाची अडचण तेढीची नाही, पण उपाय तोच चालेल. शिवाय तुम्हाला धड्याचे तुकडे करण्याची गरजही नाही, कारण तुमच्या मुलांच्या हाती ते आधीच आहेत. कोणी आटपाडी भागातून येते, कोणी जतकडून, कोणी कवठे महांकाळच्या बाजूने. प्रत्येकाच्या गावात विहिरी आहेत आणि प्रत्येकाच्या विहिरीची कथा वेगळी आहे.

म्हणून विषय बदला आणि असा प्रश्न द्या : ‘आपल्या पाच जणांच्या पाच गावांत पाऊस जवळजवळ सारखाच कमी पडतो; मग एका गावची विहीर फेब्रुवारीत आटते आणि दुसऱ्या गावची मेपर्यंत टिकते, असे का?’ पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या गावातली एक विहीर मोजायची. मोजमाप अवघड नाही. दोरीच्या टोकाला दगड बांधायचा, दर पाच फुटांवर गाठ मारायची, दगड तळाला टेकला की दोरी ओढून घ्यायची. एकूण किती दोरी गेली त्यावरून विहिरीची खोली कळते आणि दोरी जिथपर्यंत ओली झाली तिथपर्यंत पाणी, एवढे साधे गणित आहे. कठडा नसलेल्या विहिरीजवळ एकट्याने जायचे नाही आणि घरातले मोठे माणूस सोबत घ्यायचे, ही अट मात्र लेखी घाला. बोअर असेल तिथे दोरी चालणार नाही. तिथे मोटर सलग किती तास चालते आणि पुन्हा पाणी येण्यास किती वेळ लागतो, हे विचारायचे. त्याच्या जोडीला विहिरीभोवती कोणती पिके आहेत, विहीर खोदताना मुरूम किती फुटांपर्यंत लागला आणि काळा पाषाण कुठे सुरू झाला, ओढ्यावर बंधारा आहे का, टेंभू किंवा म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी शिवारात पोहोचले आहे का आणि कोणत्या वर्षापासून, एवढे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहायचे.

आता काय होईल ते पाहा. एखादा मुलगा लिहील, ‘आमच्या विहिरीला पाणी भरपूर आहे.’ त्यावर दुसऱ्या गावची मुलगी विचारल्याशिवाय राहणार नाही, ‘भरपूर म्हणजे किती? मोटर किती तास चालते?’ उत्तर येईल, ‘दोन तास. मग तळ दिसतो.’ ‘मग भरपूर कसे? आमच्याकडे सहा तास चालते आणि आम्ही कमी म्हणतो.’ ही खरी चर्चा. ती ‘खूप छान माहिती’ने संपू शकत नाही, कारण दोघांचे आकडे जुळत नाहीत आणि न जुळण्याचे कारण दोघांपैकी एकालाही एकट्याने सांगता येत नाही. ते शोधायला एकाची ओढ्याची माहिती लागेल, दुसऱ्याची उसाची आणि तिसऱ्याच्या आजोबांनी सांगितलेली खडकाची. इंटरनेटवरून उचलेगिरी करण्याचा प्रश्नही यातच बराचसा मिटतो. चॅटजीपीटीला पाणीटंचाईची दहा कारणे ठाऊक असतात. तुमच्या विद्यार्थ्याच्या चुलत्याच्या विहिरीला पाणी किती फुटांवर आहे, हे त्याला ठाऊक नसते. कोणी खोटा आकडा ठोकून दिलाच, तर शेजारच्या गावचा गटबंधू तो तुमच्याआधी पकडेल.

गट दहाचे नकोत, पाचाचे करा. 62 विद्यार्थ्यांचे दहा गट पाचाचे आणि दोन गट सहाचे होतील. रस्सीखेचीच्या खेळातून ही गोष्ट फार पूर्वी लक्षात आलेली आहे. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्सिमिलियाँ रिंगेलमान यांनी 1913 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोर ओढणाऱ्यांची संख्या वाढली तसतसा प्रत्येकाच्या वाट्याचा जोर कमी होत गेला. 1979 मध्ये मानसशास्त्रज्ञ बिब लाटाने यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून तेच पाहिले : गटात असताना माणूस आवाजसुद्धा कमी काढतो. आपण नाही लावला जोर तरी कोणाला कळणार, हा हिशेब त्यामागे असतो. दहा जणांच्या गटात दोघादोघांच्या 45 जोड्या होतात, पाचांच्या गटात फक्त 10. दहा जोड्यांत कोण गप्प आहे ते चटकन दिसते. पंचेचाळिसांत गप्प राहणारा सुखाने लपतो.

हजेरीपटाच्या क्रमाने गट पाडणे ही आपली सर्वांची सवय आहे, पण आपल्या भागात ती विशेष घातक ठरते. हजेरीपट आडनावाच्या क्रमाने असतो आणि आडनावे भावकीने येतात. पाटलांच्या शेजारी पाटील बसले की एकाच गावचे, कधी एकाच वाड्यातले तिघे एका गटात येतात आणि तिघांची विहीर एकच निघते. गावे पाहून, कागदावर स्वतः गट बनवा. प्रत्येक गटात निदान एक गाव योजनेचे पाणी मिळालेले आणि एक न मिळालेले असेल असे पाहा. मुलींच्या बाबतीत एक पथ्य कटाक्षाने पाळा : एका गटात एकटी मुलगी ठेवू नका. दोघी असतील किंवा एकही नसेल. चार मुलांत एकटी असलेली मुलगी बहुधा लिहीत नाही. लिहिलेच तर तिच्याकडे गटाचे टिपण ‘नीटनेटके’ करून देण्याचे काम येते. तुमच्या ज्या विद्यार्थिनीने सगळे एकटीने लिहिले, तिला हुशार म्हणून शाबासकी देण्याआधी, ते काम तिने घेतले होते की तिच्यावर पडले होते, हे एकदा बाजूला घेऊन विचारा.

आता मूडलविषयी. फोरम तयार करताना त्याचा प्रकार निवडावा लागतो. नेहमीचा सर्वसाधारण प्रकार न निवडता पहिल्या आठवड्यासाठी प्रश्नोत्तराचा प्रकार निवडा. त्यात विद्यार्थ्याने स्वतःची पोस्ट लिहिल्याशिवाय त्याला इतरांच्या पोस्ट दिसत नाहीत. प्रत्येकाची विहीर आधी, मग दुसऱ्याची. फक्त एक गोष्ट वर्गात आगाऊ सांगून ठेवा, नाहीतर तुमचा फोन वाजत राहील. मूडलमध्ये पोस्ट दुरुस्त करण्यासाठी साधारणतः अर्ध्या तासाची मुदत ठरलेली असते आणि या प्रकारात ती संपल्यावरच इतरांचे लिखाण उघडते. ‘मॅडम, मी पोस्ट केली तरी काहीच दिसत नाही’ या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

गटांच्या बाबतीत स्वतंत्र गट आणि दृश्य गट असे दोन पर्याय मिळतात. पहिल्यात एका गटाला दुसऱ्या गटाचे काहीच दिसत नाही. दुसऱ्यात दिसते, पण लिहिता मात्र आपल्याच गटात येते. चर्चेसाठी स्वतंत्र गट ठेवा, कारण कच्चे बोलणे पाच जणांपुढेच सुचते. गटाचे शेवटचे लेखन मांडण्यासाठी दुसरा फोरम उघडा आणि तो दृश्य गटांचा करा, म्हणजे बाराही गट एकमेकांचे वाचतील. इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलो आहे. स्वतंत्र गटांच्या फोरमवर तुम्ही प्रश्न ‘सर्व सहभागी’ असे निवडून टाकला, तर तो सर्वांना दिसतो, पण विद्यार्थ्यांना त्याला उत्तर देता येत नाही. मी आठवडाभर मुलांच्या नावाने बोटे मोडत होतो आणि मुलांना उत्तराचे बटणच दिसत नव्हते. प्रश्न टाकताना त्याची प्रत सर्व गटांना पाठवण्याचा पर्याय निवडा. मग प्रत्येक गटाला आपापला प्रश्न मिळतो. तुमच्याही पहिल्या बारा दिवसांच्या शांततेमागे असेच काही होते का, ते एकदा विद्यार्थ्याच्या लॉगिनने आत जाऊन पाहा.

व्हॉट्सॲपचा मोह मला समजतो. मुले तिथे आधीच आहेत. पण तिथले बोलणे एकाच प्रवाहात वाहते. मंगळवारी कोणी विहिरीची खोली सांगितली, तर गुरुवारपर्यंत ती शुभ सकाळ, क्रिकेट आणि कोणाच्या तरी वाढदिवसाखाली गाडली जाते आणि शनिवारी लिखाणाला बसल्यावर ती कोणालाच सापडत नाही. एका मुद्द्याखाली त्याचीच उत्तरे लावून ठेवण्याची सोय ही चर्चेच्या सॉफ्टवेअरची खरी कमाई आहे, आणि ती काही कालची नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणक यंत्रणेवर डेव्हिड वूली यांनी 1973 मध्ये नोट्स नावाचा प्रोग्राम लिहिला, तो मुळात यंत्रणेतल्या चुका कळवण्यासाठी होता. टिपण आणि त्याखाली त्याला आलेले प्रतिसाद, ही मांडणी लोकांना इतकी सोयीची वाटली की पुढे तीच चर्चेची मांडणी झाली. व्हॉट्सॲपवर दुसरी अडचण मुलींची आहे : ग्रुपमध्ये घातले की तिचा नंबर सगळ्यांच्या हाती जातो आणि मग रात्री साडेअकराला ‘हाय’ येऊ लागतात. मुली कमी लिहितात यामागे हेही एक कारण असते, फक्त ते कोणी तुम्हाला पत्रात लिहून कळवत नाही. तेव्हा व्हॉट्सॲपचा वापर शाळेच्या घंटेसारखा करा. ‘गट 7 मध्ये प्रश्न आला आहे, पाहा’ एवढा निरोप तिथे, बाकी सगळे मूडलवर.

मुदतीची वेळही बदला. रात्री 11.59 ही वेळ संगणकाला सोयीची असते, माणसांना नव्हे. ज्या मुलीच्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो रात्री भावाच्या हातात असतो, किंवा जिचे गाव ओढ्याच्या खोलात असल्याने संध्याकाळनंतर रेंज जाते, तिची मुदत प्रत्यक्षात शेवटची एस.टी. सुटते तेव्हाच संपलेली असते. मुदत दुपारी चारची ठेवा आणि त्या दिवशी संगणक कक्ष दोनपासून उघडा ठेवण्याची परवानगी घ्या. प्राचार्यांना महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीसाठी स्क्रीनशॉट हवे असतात हे मी जाणतो. त्या बदल्यात ही परवानगी मागण्यास संकोच करू नका.

चर्चा सुरू झाल्यावर ती कुठे अडकते, हेही आधीच माहीत असलेले बरे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी 2000 च्या सुमारास अशा लेखी चर्चांचा अभ्यास करून चार टप्पे सांगितले : प्रश्न पडणे, माहितीची चाचपणी करणे, ती जोडून अर्थ लावणे आणि निष्कर्षाला येणे. त्यांना आढळले की बहुतेक पोस्ट दुसऱ्या टप्प्यावरच घुटमळतात. मुले माहिती टाकत राहतात, जोडत नाहीत. तुमच्या गटांतही पाच विहिरींची पाच वर्णने येऊन सगळे थांबण्याची भीती आहे. त्यासाठी दोन गोष्टी करा. पहिली अशी की तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी गटाने मिळून चारशे शब्दांचे एकच टिपण द्यायचे, त्यात विहिरी वेगळ्या का वागतात याचे एक कारण ठामपणे मांडायचे आणि प्रत्येक विधानापुढे ते कोणाच्या पोस्टवरून घेतले ते नाव लिहायचे. नाव लिहायचे ठरले की पोस्टी वाचाव्याच लागतात.

दुसरी गोष्ट टोरांटोच्या शिक्षण-अभ्यासक मार्लीन स्कार्डमालिया आणि कार्ल बेरायटर यांच्याकडून घेण्यासारखी आहे. शाळकरी मुलांसाठी त्यांनी घडवलेल्या चर्चेच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिण्यापूर्वी वाक्याची सुरुवात निवडता येते : माझा तर्क असा आहे, मला हे समजून घ्यायचे आहे, नवी माहिती अशी आहे, या तर्काने हे स्पष्ट होत नाही. मूडलमध्ये तशी तयार सोय नसली तरी काही बिघडत नाही. याच चार सुरुवाती वर्गाच्या फळ्यावर लिहा आणि दुसऱ्या आठवड्यातल्या प्रत्येक पोस्टची सुरुवात त्यांपैकी एकीने झाली पाहिजे, असे सांगा. ‘मी सहमत आहे’ त्या यादीत नाही. ‘या तर्काने हे स्पष्ट होत नाही’ या सुरुवातीचा मला विशेष लोभ आहे, कारण आपल्याकडे मित्राचे म्हणणे खोडून काढणे म्हणजे त्याचा अपमान समजला जातो आणि मुले गप्प बसणे पसंत करतात. हे वाक्य मॅडमनेच दिले आहे म्हटल्यावर त्याचा दोष लिहिणाऱ्याकडे जात नाही. ‘ऊस आहे म्हणून विहीर आटते, या तर्काने आमच्या गावचे स्पष्ट होत नाही; आमच्याकडे ऊस नाही, द्राक्षबाग आहे, तरी फेब्रुवारीत तळ दिसतो’ असे कोणी लिहिले, तर त्या गटाची काळजी सोडा.

तुमची स्वतःची जागा काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण तिथेच बरेच जण चुकतात. शिक्षकाने पहिल्याच दिवशी बरोबर उत्तर लिहिले की त्याखाली कोणी काही लिहीत नाही. आणि शिक्षक अजिबात फिरकलाच नाही, तर मुले समजतात की हे कोणी वाचतच नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येक गटात एकदा जा आणि फक्त नाव घेऊन दखल घ्या, जमल्यास एखादा प्रश्न विचारा. ब्रिटिश अभ्यासक गिली सामन यांनी अशा चर्चांचे पाच टप्पे मांडले, त्यांत आत शिरण्याची सवय आणि एकमेकांची ओळख हे टप्पे माहितीच्या देवाणघेवाणीआधी येतात. म्हणून मोजमापाच्याही आधी एक दिवस ‘आपल्या विहिरीला गावात काय नावाने ओळखतात?’ एवढेच लिहायला द्या. सगळ्यांना उत्तर येते, कोणी चूक ठरत नाही आणि पासवर्ड विसरलेले त्याच दिवशी उघडकीस येतात. दुसऱ्या आठवड्यापासून तुमचे काम दोन पोस्ट एकमेकींसमोर आणून ठेवण्याचे : ‘तू म्हणतोस बंधाऱ्यामुळे, पण हिच्या गावातही बंधारा आहे ना?’ आणि एवढे म्हणून बाजूला व्हायचे.

यात वेळ जातो, हे लपवण्यात अर्थ नाही. बारा गट दहा-दहा मिनिटे वाचायचे म्हटले तरी एका फेरीला दोन तास लागतात. मी असे करत असे : प्रत्येक गटात दर आठवड्याला एक सूत्रधार नेमायचा, त्याने किंवा तिने रविवारी आठवड्याच्या चर्चेचा पाच ओळींचा गोषवारा टाकायचा, आणि मी बाराही गोषवारे वाचून त्या आठवड्यात फक्त चार गट पूर्ण वाचायचे. तीन आठवड्यांत सगळे गट एकदा नीट वाचून होतात. सूत्रधार बदलत राहिला की सगळा भार एकाच मुलीवर पडत नाही, हा जास्तीचा लाभ.

गुण वाढवण्याची गरज नाही. आहेत ते 10 वेगळे वाटा. स्वतःच्या विहिरीच्या मोजमापाला आणि माहितीला 4 ठेवा. 3 गुण गटाच्या टिपणाला, सर्वांना सारखे. उरलेले 3 गुण विद्यार्थ्याने स्वतः दाखवून मिळवायचे : ‘माझी ही पोस्ट पाहा, हिच्यामुळे आमच्या टिपणात हा बदल झाला.’ अशी एकच पोस्ट पुरे. तीन ओळींची असली तरी चालेल. चाळीस पोस्ट लिहिणाऱ्याला यात काही जास्त मिळत नाही आणि नेमका एक प्रश्न विचारणाऱ्या अबोल मुलाला न्याय मिळतो. शेवटी वर्गात प्रत्येक गटातल्या कोणाही एकाला उभे करून गटातल्या दुसऱ्याच्या विहिरीविषयी दोन मिनिटे बोलायला सांगा. हे आधीच जाहीर करा, म्हणजे टपरीवरच्या तहांना फारसा वाव राहणार नाही.

भाषेविषयी तुम्ही विचारले, त्यावर माझे उत्तर निःसंकोच होकाराचे आहे. मराठीत लिहू द्या, बोलीत लिहू द्या, चर्चेत रोमन लिपीत मराठी लिहिले तरी टोकू नका. टिपण मात्र देवनागरीत, शुद्ध मराठीत मागा. ‘इहिरीला पानी न्हाई’ असे लिहिणाऱ्याला पहिल्याच दिवशी शुद्धलेखन दाखवले, तर तो दुसऱ्या दिवशी लिहिणार नाही आणि त्याच्या विहिरीच्या माहितीला गट कायमचा मुकेल. टंकलेखन जड जाणाऱ्यांना फोनवर बोलून लिहिण्याची सोय एकदा वर्गात करून दाखवा. जतकडच्या काही मुलांच्या घरी कन्नड बोलतात; वर्गात पटकन उत्तर देताना अडखळणारी ही मुले लेखी चर्चेत वेळ घेऊन, वाक्य जुळवून चांगले लिहितात असा माझा अनुभव आहे. त्यांना तो वेळ मिळू द्या.

स्वयम् या ऑनलाइन शिक्षणाच्या राष्ट्रीय मंचाच्या अभ्यासक्रमांतही व्हिडिओ, वाचनसाहित्य आणि चाचण्यांच्या जोडीला चर्चा मंच हा चौथा भाग असतो, तेव्हा तेच का वापरू नये, असे तुम्हाला कोणी सुचवेल. तो शंका विचारण्यासाठी आहे आणि त्यासाठी उपयोगीही आहे. पण हजारोंच्या गर्दीत कोणाला कोणाच्या विहिरीची गरज नसते. पाच जणांच्या गटाची जागा तो घेऊ शकत नाही.

आता राहिले हे सुरू कधी करायचे. चालू सत्रातला प्रयोग आहे तिथेच थांबवा आणि पुढचे सत्र सुरू झाल्यावर जानेवारीत विहिरीचे पहिले मोजमाप घ्यायला लावा. तेव्हा बहुतेक विहिरींना पाणी असते, त्यामुळे पाचांच्या आकड्यांत फरक थोडाच दिसेल आणि मुले म्हणतील की यात विशेष काय. म्हणू द्या. तीन आठवड्यांची चर्चा आणि टिपण झाल्यावर त्यांना आपापली दोरी जपून ठेवायला सांगा आणि मार्चच्या शेवटी त्याच विहिरीत तीच दोरी पुन्हा सोडायला लावा. फोरम तोवर बंद करू नका.